मदत हवी आहे: एक मोठं गिऱ्हाईक गेलं, नवी ओळख वाढवायची कशी?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून नेमका सल्ला मिळणार नाही.

माझा पॅकिंगच्या खोक्यांचा छोटा व्यवसाय आहे, सहा वर्षं झाली. थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय (म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पुठ्ठ्याचे) कोरुगेटेड बॉक्स, मापाप्रमाणे. शीट बाहेरून येते. कटिंग, स्टिचिंग आणि एका रंगाची छपाई आमच्याकडे. मी आणि चार कामगार.

निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीकडून यायचं. तिथे खरेदी बघणारे एक साहेब होते. त्यांचा फोन आला की ऑर्डर पक्की, इतका विश्वास. चार महिन्यांपूर्वी ते नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी तीन ठिकाणची कोटेशनं मागवली आणि काम दुसरीकडे गेलं. मी भेटायला गेले तेव्हा लक्षात आलं, की पाच वर्षं माल देऊनही त्या एका माणसाखेरीज तिथे मला ओळखणारं कुणीच नाही. स्टोअरमध्ये माझा माल दर आठवड्याला उतरवून घेणाऱ्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. हे मला फार लागलं. काम गेल्यापेक्षाही जास्त.

त्यानंतर जमेल ते केलं. सोशल मीडियावर दोन महिने पैसे देऊन जाहिरात केली. चौकशा खूप आल्या, पण बहुतेक घर हलवणाऱ्यांच्या, दहा-वीस खोक्यांच्या. आमची कमीत कमी ऑर्डर पाचशेची. व्हॉट्सॲपवर दोनशेच्या वर नंबरांची ब्रॉडकास्ट लिस्ट करून दरपत्रक पाठवलं, जेमतेम पाच-सहा उत्तरं आली. कार्डं घेऊन कारखान्यांच्या गेटवर गेले, ती वॉचमनकडेच राहिली.

अडतंय ते इथे. जुन्या ओळखीच्यांना फोन करायला हात धजत नाही. दोन-दोन वर्षं बोलणं नाही आणि आता काम हवंय म्हणून फोन, हे समोरच्याला लगेच कळणार. थोडेच पैसे उरलेत, ते जाहिरातीत घालू की आणखी कशात? आणि तुम्ही हे संबंध जपता कसे, म्हणजे रोजच्या कामात नेमकं काय करता? कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, जाहिरात आधी थांबवा. तुमचा माल घेणारी माणसं मोजकी आहेत, त्यांची यादी एका वहीत मावेल. ज्या धंद्याचं गिऱ्हाईक नावानिशी सांगता येतं, तिथे सगळ्या जगाला ओरडून सांगण्यात पैसा जातो.

मी वीस वर्षं औद्योगिक माल विकतोय. तुमच्या जागी असतो तर गेल्या तीन वर्षांत दिलेली आणि ऑर्डर न झालेली सगळी कोटेशनं बाहेर काढली असती. त्या लोकांना खोके लागतात हे नक्की आहे, माप तुमच्याकडे आहे, नावही आहे. फोन करून एवढंच विचारा: "तेव्हा आमच्याकडून काम झालं नाही, कुठे कमी पडलो ते कळलं तर बरं होईल." माणसं याचं उत्तर मोकळेपणाने देतात, कारण तुम्ही काही विकत नसता.

दोन वर्षांनी फोन कसा करू, याबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक गाजलेला शोधनिबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही असतं. नवी खबर लांबच्या ओळखीकडून येते. अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण माझ्या ऑर्डरीही अशाच आल्यात. तेव्हा संकोच सोडा.

आणखी एक. तुमच्याच गिऱ्हाइकांना दुसरा माल देणारे शोधा: लेबल छापणारे, टेप आणि स्ट्रॅपिंगवाले, माल वाहून नेणारे. कुठल्या कारखान्यात नवी लाइन सुरू होतेय हे त्यांना आधी कळतं. त्यांना आधी एक काम तुम्ही मिळवून द्या, मग बघा.

प्रतिसाद २

ब्रॉडकास्टपुरतं सांगतो. तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो, बाकीच्यांना जातच नाही. म्हणजे लोकांनी दुर्लक्ष केलं असं समजून खचू नका. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत नसाल तर सुरू करा. 'कोटेशन दिलं', 'सॅम्पल गेलं', 'पेमेंट बाकी' अशी लेबलं लावली की कुणाशी बोलायचं राहिलंय ते दिसतं. गूगलवरच्या नोंदीत कमीत कमी ऑर्डर स्पष्ट लिहा, घर हलवणाऱ्यांचे फोन कमी होतील. जुन्या गिऱ्हाइकांना दोन ओळींचा अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

प्रतिसाद ३

मी टेबलाच्या पलीकडची, खरेदी विभागात काम करते. दर महिन्याला 'काही ऑर्डर आहे का?' एवढंच विचारणारे पुरवठादार आम्हाला नकोसे होतात. माल उशिरा येणार असेल तर आदल्या दिवशी कळवणारा मात्र लक्षात राहतो, कारण त्याच्यामुळे आमची पॅकिंग लाइन अडत नाही.

भेटायला याल तेव्हा आमच्या गोदामात एक चक्कर मारायला मागा. एका खोकेवाल्यांनी आमच्याकडे पाहिलं, की खोके पॅलेटच्या, म्हणजे ज्या फळ्यांच्या चौकटीवर थप्पी रचतात तिच्या, कडेबाहेर येतायत. थप्पीचं वजन मुख्यतः खोक्याच्या कोपऱ्यांवर येतं, आणि कोपराच अधांतरी राहिला की खालचा खोका दबतो. आम्ही फाइव्ह प्लाय घ्यायच्या विचारात होतो. त्यांनी रचना बदलायला सांगितली आणि थ्री प्लायमध्येच भागलं. त्या दिवशी त्यांची विक्री कमी झाली, पण नंतर आमच्या दोन नव्या मालांची पॅकिंगं ठरवताना पहिला फोन त्यांनाच गेला.

स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्समध्ये प्रत्येकी एक तरी ओळख ठेवा. नवा खरेदीवाला आला की तो आधी स्टोअरलाच विचारतो, की कुणाचा माल बरा येतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कोटेशनच्या फायली काढल्या, सत्तेचाळीस निघाली. आज नऊ फोन केले. सहा जण नीट बोलले. दोघांनी सांगितलं की दर ठीक होता, सॅम्पल यायला दहा दिवस लागले म्हणून काम गेलं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. एकांनी गुरुवारी गोदाम बघायला बोलावलंय.

एक शेवटची शंका. जे साहेब नोकरी सोडून गेले, ते आता दुसऱ्या कंपनीत खरेदीच बघतात असं कळलं. त्यांना फोन केला तर वाईट दिसेल का?

प्रतिसाद ३

अजिबात नाही. पण पहिल्या फोनमध्ये कामाचं काढू नका, आणि जुन्या कंपनीचे दर किंवा मापं कधीच बोलू नका. पाच वर्षं त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला, त्याबद्दल आभार मानायचे राहिलेत ना तुमचे? तेवढ्यासाठी करा.

धागाकर्ती

हो, राहिलेत. उद्या सकाळी करते.