मंगळ आणि बुध यांच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण सारखेच कसे?

प्रश्न :
ग्रहांच्या माहितीचा तक्ता पाहताना एक गोष्ट खटकली. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या १०.७ टक्के, तर बुधाचे अवघे ५.५ टक्के आहे. तरीही दोघांच्या पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असे एकच दिले आहे. म्हणजे पृथ्वीवर ६० किलो भरणारा माणूस तोच स्प्रिंगचा काटा घेऊन गेला, तर दोन्ही ग्रहांवर साधारण २३ किलोच भरेल. वस्तुमान जवळजवळ दुप्पट असूनही आकर्षण तेवढेच, हे कसे शक्य आहे? तक्त्यातच चूक असावी का?

प्रतिसाद १ :
तक्ता बरोबर आहे. आकर्षण वस्तुमानाच्या सम प्रमाणात असते हे खरे, पण ते केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातही असते, आणि पृष्ठभागावर उभ्या असलेल्या माणसासाठी हे अंतर म्हणजे त्या ग्रहाची त्रिज्या. मंगळाची त्रिज्या सुमारे ३,३९० किलोमीटर आणि बुधाची सुमारे २,४४० किलोमीटर आहे. यांचे गुणोत्तर १.३९ येते आणि त्याचा वर्ग १.९३. वस्तुमानांचे गुणोत्तरही १.९४ च्या आसपास असल्यामुळे मंगळाला जास्तीच्या वस्तुमानाने जे मिळते, ते केंद्र दूर असल्यामुळे जवळजवळ सगळे निघून जाते.

घनता विचारात घेतली की हिशेब आणखी सुटसुटीत होतो. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले घनफळ, आणि घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्याला त्रिज्येच्या वर्गाने भागले की एकच त्रिज्या शिल्लक राहते. म्हणून पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. पृथ्वीची दोन्ही मूल्ये १ धरली, तर मंगळासाठी ०.७१ × ०.५३ आणि बुधासाठी ०.९८ × ०.३८ असे गुणाकार मिळतात, आणि दोन्हींचे उत्तर ०.३८ च्या अगदी जवळ येते. हे मात्र निव्वळ योगायोगाने जुळलेले आहे. त्यामागे कोणताही नियम शोधू नये.

प्रतिसाद २ :
बुधाची घनता एवढी का, हा खरा रंजक भाग आहे. त्याचा लोहप्रधान गाभा त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे खडकाचे आवरण त्यामानाने फारच पातळ आहे. पृथ्वीची ५.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ही घनता काही अंशी स्वतःच्याच प्रचंड दाबामुळे आलेली आहे. बुध लहान असल्याने तेथे असा दाब फारसा नाही, तरीही त्याची घनता ५.४३ भरते. मंगळाची ३.९३ आहे. मंगळाचे उपग्रह १८७७ मध्ये सापडले आणि त्यांच्या कक्षांवरून त्याचे वस्तुमान काढणे सोपे झाले. बुधाला उपग्रहच नाही, त्यामुळे १९७४ मध्ये मरिनर १० हे यान त्याच्या जवळून जाईपर्यंत अचूक वस्तुमानासाठी थांबावे लागले.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग शनीचे काय? आणि गुरुत्वाकर्षण सारखे असूनही मंगळाला विरळ का होईना वातावरण आहे, बुधाला जवळजवळ नाहीच, ते का?

प्रतिसाद ३ :
शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण घनता पाण्यापेक्षाही कमी, ०.६९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. त्रिज्या नऊ पटींहून अधिक असूनही, पृथ्वीची मूल्ये १ धरून केलेला घनता आणि त्रिज्येचा गुणाकार १.१ च्या आसपासच थांबतो. शनीला घन पृष्ठभाग नाही, म्हणून ज्या उंचीवर वायूचा दाब १ बार (साधारण पृथ्वीवरील हवेच्या दाबाइतका) असतो तेथील मूल्य धरतात. त्यातही तो साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरत असल्याने विषुववृत्तावर प्रत्यक्ष जाणवणारे त्वरण ९ च्या आसपास, म्हणजे पृथ्वीपेक्षा कमीच भरते.

वातावरणासाठी केवळ पृष्ठभागावरील त्वरण पाहून चालत नाही. मुक्तिवेग म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचे निसटायला लागणारा किमान वेग. त्याच्या सूत्रात त्या त्वरणाला त्रिज्येने गुणावे लागते, त्यामुळे त्वरण सारखे असले तरी मोठ्या ग्रहाचा मुक्तिवेग अधिक असतो : मंगळाचा ५ किलोमीटर प्रति सेकंद, बुधाचा सुमारे ४.३. त्यात बुधावर दिवसा तापमान ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि सूर्याजवळ असल्यामुळे सौरवाताचा (सूर्याकडून सतत येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा) माराही तेथे कितीतरी तीव्र असतो.