मदत हवी आहे: आईच्या एसआयपी माझ्या फोलिओत नोंदल्या गेल्या

नमस्कार मंडळी. घरचा हिशेब मी ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. आईचा आणि माझा म्युच्युअल फंड एकच, फोलिओ (फंडातली खाती) वेगळे. व्यवहारांची सीएसव्ही फाइल (तक्त्यासारखी साधी फाइल) आयात करताना माझ्याकडून खातं चुकलं आणि आईचे एसआयपीचे सहा हप्ते माझ्या नावावर पडले. स्टेटमेंटशी ताळा करताना आईचे युनिट कमी निघाले, तेव्हा कळलं.

प्रत्येक नोंदीत ४,९९९.७५ रुपयांची खरेदी आणि २५ पैसे मुद्रांक शुल्क आहे. नोंद न पुसता फक्त खातं बदललं तर युनिट, एनएव्ही (एका युनिटचा भाव), तारीख तशीच राहील ना? नफा काढताना आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरतात, म्हणून तारखा हलता कामा नयेत. त्यातच माझी एक विक्री मध्ये झालीये. तिचा नफा नव्याने मांडावा लागेल का? आईचं प्राप्तिकर विवरणपत्र भरायचंय, फार काळजी लागलीये. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.