हाडं, डीएनए आणि सीरियल किलर : खरीखुरी फॉरेन्सिक कादंबरी सुचवा

रात्रवाचक:
नमस्कार मंडळी, सीरियल किलरचा माग काढणारी कादंबरी हवीये, पण डिटेक्टिव्हला अचानक साक्षात्कार होणारी नको, लॅबमधून एकेक धागा हाती लागत जाणारी हवी. खुन्याच्या डोक्यात शिरून तीनशे पानं घालवणारी तर नकोच, त्यात मेलेल्या बायकांचा नुसता आकडा होतो आणि मला ते वाचवत नाही. इंग्रजी चालेल.

बकुळ:
कॅथी राइक्सचं 'देजा डेड' (१९९७) घ्या, डोळे झाकून. लेखिका स्वतः फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट, म्हणजे हाडांवरून माणसाची ओळख पटवणारी, आणि तिची नायिका ब्रेनन मॉन्ट्रियलमध्ये तेच काम करते. हाडावर करवत चालली की तिच्या दातांच्या, पात्याच्या खुणा उरतात, त्यावरून ब्रेनन म्हणते हे सगळे खून एकाच माणसाचे आहेत आणि पोलीस तिचं ऐकूनच घेत नाही. प्रत्येक बाईला तिचं नाव परत मिळावं म्हणून ब्रेननची जी धडपड आहे ना, तुम्हाला हवंय ते तिथे आहे.

लॅबवाला:
+१, पण मी म्हणेन आधी पॅट्रिशिया कॉर्नवेलचं 'पोस्टमॉर्टेम' वाचा. १९९० चं, रिचमंड, व्हर्जिनिया. लेखिका तिथल्या मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, ऑफिसात नोकरीला होती त्यामुळे कागदपत्रं, फ्रीजमधली सॅम्पल्स सगळं अगदी खरं वाटतं. डीएनए तेव्हा नवीन, रिपोर्टची वाट बघावी लागते आणि तोवर खुनी मोकळा. मी लॅबमध्ये काम करतो, त्यातला सॅम्पलच्या लेबलचा घोळ वाचताना मला घाम फुटला होता, कारण लेबल चुकलं की पुढचा सगळा पुरावा कोर्टात लटका पडतो.

बकुळ:
रिचमंडमध्ये १९८७ ला खरंच असे खून झाले होते ना?

लॅबवाला:
हो, टिमोथी स्पेन्सर. डीएनएवरून दोषी ठरलेला अमेरिकेतला पहिला खुनी, १९९४ मध्ये फाशी नाही, इलेक्ट्रिक चेअर. आणि त्याने १९८४ मध्ये केलेल्या एका खुनासाठी भलताच माणूस तुरुंगात होता, तो स्पेन्सर सापडल्यावर १९८९ मध्ये सुटला. मला तर खुनी सापडण्याइतकंच हेही मोठं वाटतं.

रात्रवाचक:
ह्या शेवटच्या गोष्टीने अंगावर काटा आला. लॅबवाले दादा, आज 'पोस्टमॉर्टेम' मागवतेय. बकुळताई, 'देजा डेड' त्यानंतर लगेच, वाचून झालं की इथेच लिहिते.