ग्रीन बँक येथे मोबाइलवर खरोखर बंदी आहे का?

प्रश्न

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ॲपलाशियन डोंगरांत, ग्रीन बँक नावाचे गाव असून तेथे मोबाइल आणि वायफाय यांवर बंदी आहे, असे वारंवार वाचनात येते. हे गाव ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ आहे म्हणजे नेमके काय, आणि तेथील लोक खरोखरच तसे राहतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणजे गावाला स्वतःची नगरपालिका नाही आणि महापौरही नाही. कारभार पोकाहाँटस काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निवडून आलेले कमिशन मार्लिंटन या काउंटीच्या मुख्य ठिकाणाहून पाहते. ‘बंदी’ हा शब्द मात्र सैलपणे वापरला जातो. गावातील रेडिओ वेधशाळेला (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींच्या केंद्राला) अडथळा होऊ नये म्हणून १९५८ मध्ये आखलेल्या सुमारे १३,००० चौरस मैलांच्या रेडिओ शांतता क्षेत्राचा रोख मुख्यतः कायमस्वरूपी टॉवर आणि प्रक्षेपकांवर आहे. घरगुती उपकरणांना लागू होतो तो राज्याचा १९५६ चा कायदा, तोही वेधशाळेपासून दहा मैलांपर्यंतच. मोबाइलला रेंज नाही हे खरे. पण लँडलाइन आणि तारेवरचे इंटरनेट आहे, आणि अनेक घरांत वायफायही चालते.

प्रतिसाद २

हे सारे ज्या रेडिओ वेधशाळेसाठी आहे, तिच्याविषयी थोडे लिहितो. भोवतालचे डोंगर बाहेरच्या लहरी अडवतात आणि वस्ती विरळ आहे, म्हणून ही जागा निवडली गेली. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये परग्रहावरील संकेतांचा पहिला शोध येथूनच घेतला. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये ३०० फुटी दुर्बीण एका रात्रीत कोसळली. तिच्या जागी आलेली १०० बाय ११० मीटरची, सर्व दिशांना वळणारी डिश २००० मध्ये पूर्ण झाली. पेट्रोलच्या इंजिनातील स्पार्क प्लगची ठिणगीही तिला गोंगाटासारखी असल्यामुळे तिच्याजवळ डिझेलच्याच गाड्या नेतात. पुणे जिल्ह्यातील खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिलेल्यांना ही दक्षता नवी वाटणार नाही.

प्रतिसाद ३

वरील माहितीत एक बाजू राहिली. विद्युतचुंबकीय लहरींनी आपल्याला त्रास होतो असे मानणारी काही माणसे मुद्दाम येथे येऊन स्थायिक झाली आहेत (या त्रासाचे कारण लहरीच आहेत, असे प्रयोगांत दिसलेले नाही). जुन्या रहिवाशांची खरी तक्रार वेगळीच आहे: दुर्गम रस्त्यांवर अपघात झाला, तर रुग्णवाहिका व अग्निशमन दलाचे बिनतारी संदेश नीट पोहोचत नाहीत. मात्र वेधशाळा हीच परिसरातील नोकऱ्या देणारी मोठी संस्था असल्याने तिच्याशी उघड भांडणही परवडत नाही. त्यातच गावाची स्वतःची सभा नसल्यामुळे ही बाजू काउंटी कमिशनलाच मांडावी लागते, आणि त्या कमिशनपुढे साऱ्या काउंटीचे प्रश्न असतात.