५६००जी, बी४५० बोर्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस: कमी बजेटमध्ये कोणतं ग्राफिक्स कार्ड?

फ्रेम७५

जोडणी अशी आहे: रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम (एकच स्टिक), ४५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ, फ्रीसिंकवाला (कार्डाच्या फ्रेमनुसार पडद्याचा वेग जुळवणारा), पण त्याला एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच आहे, डिस्प्लेपोर्ट नाही. सध्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागतंय.

डोळ्यासमोर चार कार्डं आहेत. नवं आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी, नवं आरटीएक्स ३०५० ६ जीबी, वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर, आणि बजेट जरा ताणलं तर आरएक्स ६६००. ओपन वर्ल्ड गेम मीडियम-हाय सेटिंगवर स्थिर ६० फ्रेमने चालले की झालं. ६५०० एक्सटी यात सगळ्यात स्वस्त, शिवाय १६६० सुपरपेक्षा नवं. मग तेच का घेऊ नये? आणि ६६०० घेतलं तर ४५० वॉट पुरतील का?

पिक्सेलमोज

६५०० एक्सटी यादीतून आधी काढून टाका. कार्ड कुठल्या साली आलं यापेक्षा तुमच्या बोर्डात बसल्यावर ते कसं वागतं हे महत्त्वाचं, आणि इथेच ते मार खातं.

या कार्डाला पीसीआयई ४.० च्या (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन आहेत. ५६००जी मात्र पीसीआयई ३.० च्या पुढे जात नाही. उद्या बोर्ड बदलून बी५५० घेतला तरीही नाही, कारण ही मर्यादा प्रोसेसरचीच आहे. ३.० च्या एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातं, म्हणजे चार लेनमधून ४ जीबी. आता ओपन वर्ल्ड गेम घ्या. टेक्स्चर हायवर ठेवलं की ४ जीबी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) बघता बघता भरते, आणि उरलेला माल सिस्टिमच्या रॅममधून ओढावा लागतो. कार्डावरची मेमरी सेकंदाला १४४ जीबी पुरवते आणि स्लॉटची वाट जेमतेम ४ जीबीची. सरासरी फ्रेमरेट ५५-६० दिसतो, पण वळणावर गाडी फिरवली किंवा नवा भाग लोड झाला की गेम अर्धा सेकंद गचकतो. सेटिंग कितीही घासा, व्हीरॅम भरली की ते होणारच. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड करताना कार्डाची मदत होत नाही.

आरएक्स ६६०० ला ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस (त्या मेमरीकडे जाणारी वाट) आणि ८ लेन. तुमच्या बोर्डावर त्यालाही ३.० चाच वेग मिळेल, पण लेन दुप्पट आणि व्हीरॅमही दुप्पट असल्यामुळे १०८०पी ला नुकसान किरकोळ. या चारमध्ये माझं मत सरळ ६६०० ला.

१६६० सुपर वाईट कार्ड नाही. ६ जीबी, १९२ बिट, पूर्ण १६ लेन, जुन्या बोर्डावर छान चालतं. पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याचं) हार्डवेअर नाही आणि डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) नाही. रे ट्रेसिंग बंद ठेवून खेळू म्हटलं तरी काही नवे गेम ते हार्डवेअर नसेल तर चालतच नाहीत. २०२५ चा डूम: द डार्क एजेस त्यातलाच. ६६०० च्या बरंच खाली मिळत असेल तरच विचार करा.

बारा_व्होल्ट

एसएमपीएसबद्दल नुसतं "४५० वॉट" सांगून काही कळत नाही. बाजूचं लेबल वाचा. +१२ व्ही च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत आणि त्याखाली एकत्रित वॉट किती, हे इथे टाका. काही युनिटवर मोठ्या अक्षरात ४५० असतं आणि +१२ व्ही ला फक्त २० अँपिअर, म्हणजे २४० वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, ३.३ आणि ५ व्होल्टचे वॉट त्यांच्या काही कामाचे नाहीत.

कनेक्टरही बघा. ६+२ पिनची (कार्डाला वीज देणारी) केबल थेट एसएमपीएसमधून निघालेली आहे का?

फ्रेम७५

लेबलवर +१२व्ही१ १४ ए, +१२व्ही२ १६ ए असं आहे. खाली दोन्हींना मिळून ३३६ वॉट. म्हणजे ३० अँपिअर, ३६० वॉट धरायचे ना? ६+२ ची एक केबल थेट आतून आलेली आहे.

बारा_व्होल्ट

नाही, ३३६ धरा. दोन रेलचे (+१२ व्ही च्या दोन वाटांचे) आकडे बेरजेसाठी नसतात. प्रत्येक रेल एकटी तेवढं देऊ शकते, दोन्ही मिळून किती ते खालच्या ओळीत.

आता हिशेब. ६६०० चा बोर्ड पॉवर १३२ वॉट. ५६००जी जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो, गेममध्ये सहसा त्याहून कमी. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे ४०-५० पकडा. सगळं एकाच वेळी टोकाला गेलं तरी २७० च्या आसपास. ३३६ मध्ये बसतं, आणि एएमडीची या कार्डासाठीची शिफारसही ४५० वॉटचीच आहे.

८ पिनचा कनेक्टर १५० वॉटपर्यंत देतो, स्लॉट ७५ पर्यंत. मात्र साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगला जोडून ६ किंवा ८ पिन काढणारं कन्व्हर्टर कधीही लावू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टला ४.५ अँपिअरसाठी, म्हणजे ५४ वॉटसाठी बनलेला असतो. कार्डाने ६ पिनचे ७५ मागितले तरी तो तापून वितळतो. ज्यांच्या एसएमपीएसला ही केबलच नाही त्यांच्यासाठी ३०५० ६ जीबी आहे: ७० वॉट, सगळी वीज स्लॉटमधून. तुमच्याकडे केबल आहे, तेव्हा ९६ बिटच्या बसवर तडजोड करायचं कारण नाही. याच नावाचं ८ जीबी कार्ड वेगळं आहे बरं का. त्यात कोअर २५६० आणि बस १२८ बिट, ६ जीबीत कोअर २३०४. जाहिरातीत दोन्ही "आरटीएक्स ३०५०" म्हणूनच येतात.

दोनचॅनल

कार्डाची चर्चा ठीक, पण ८ जीबीची एकच स्टिक ठेवून ६६०० लावलं तर पैसे वाया. आजचे ओपन वर्ल्ड गेम १६ जीबी रॅम गृहीत धरतात. रॅम संपली की विंडोज डिस्कवर पेजिंग करतं (रॅमचं काम संथ डिस्कवर ढकलतं) आणि दोष कार्डाच्या माथी जातो. वर एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल: ३२०० वर २५.६ जीबी प्रति सेकंद. दोन स्टिक टाकल्या की ५१.२. ५६००जी मध्ये एल३ कॅशे, म्हणजे आतली जलद मेमरी, फक्त १६ एमबी (साध्या ५६०० मध्ये ३२), त्यामुळे हा प्रोसेसर रॅमच्या वेगावर जास्तच अवलंबून आहे.

तसलीच दुसरी ८ जीबीची स्टिक घ्या. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा भरा. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमवर नोंदलेला जास्तीचा वेग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर मुकाट चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एक्सएमपीवर अडल्या तर हाताने ३००० किंवा २९३३ ठेवून बघा.

कोरडीपेस्ट

६६०० वापरलेलं मिळालं तर घ्यायला हरकत नाही, पण समोर चालवून. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडर (कार्डातले कोअर) १७९२ आणि बस १२८ बिट दिसते का बघा (१६६० सुपर असेल तर १४०८ आणि १९२). स्वस्तातल्या आरएक्स ५८० बद्दल खास सावध राहा: "२०४८एसपी" लिहिलेलं असेल तर आत ५७० इतकेच शेडर असतात, खऱ्या ५८० मध्ये २३०४.

नंतर १५-२० मिनिटं भार द्या. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा ठिपके उमटले तर मेमरी गेली आहे, ते कार्ड सोडून द्या. जीपीयूच्या तापमानापेक्षा हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वात गरम बिंदू) ३० अंशांनी वर जात असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. हे दुरुस्त होतं, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा. पंखा बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळला तर बेअरिंग संपलं. सगळे पोर्ट एकेक करून लावून पाहा, हे हमखास राहून जातं.

पिक्सेलमोज

मॉनिटरचा मुद्दा राहिला. फक्त एचडीएमआय असलेल्या फ्रीसिंक मॉनिटरवर एएमडी कार्ड एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक चालवतं. एनव्हिडियाला अशा जुन्या मॉनिटरवर त्यासाठी डिस्प्लेपोर्ट लागतो, जो तुमच्याकडे नाही. ६६०० साठी हे आणखी एक कारण.

बसवताना: केबल बोर्डाच्या पोर्टमधून काढून कार्डाला लावा. बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणाऱ्या सोयी) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद. सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच झालं नाही तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. घाबरू नका, सीएसएम परत चालू करून विंडोजमध्ये जा, बॅकअप घ्या आणि विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी ने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करा. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने राखून ठेवलेली रॅमही बायोसमध्येच ऑटोवर किंवा कमीत कमीवर आणा. शेवटी मॉनिटरच्या मेनूत आणि ड्रायव्हरमध्ये फ्रीसिंक चालू करून फ्रेम ७२ वर बांधा. ७५ च्या वर गेलं की फ्रीसिंक सुटतो, आणि बांधल्याने वीज आणि उष्णताही कमी लागते.

फ्रेम७५

मग दुसरी स्टिक आणि ६६०० असं ठरवतो. कॅबिनेट लहान आहे, लांबीचं काय बघायचं?

बारा_व्होल्ट

मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजा, म्हणजे फ्रेमपर्यंत नाही तर पंख्याच्या आतल्या कडेपर्यंत. त्यातून १० मिलिमीटर वजा करा. दोन पंख्यांची ६६०० कार्डं लांबीला बरीच वेगवेगळी असतात, त्यामुळे नेमक्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पानावर बघूनच घ्या. ८ पिनचा प्लग कार्डाच्या वरच्या कडेला येतो. बाजूचं झाकण बंद करताना केबल त्यावर दाबली जाऊ नये म्हणून तिथेही ३०-३५ मिलिमीटर मोकळी जागा हवी.