गॅस संपत नसतो, गळतो

'दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचा, जुन्या गाडीला तेवढं लागतंच' असं गाडीच्या एसीबद्दल एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून जात नाही. दरवर्षी कमी होतोय म्हणजे कुठेतरी चांगलीच गळती आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी बऱ्याचदा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस गार करणारी जाळी) आणि पाइपचे जोड आधी बघा, मग नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब टिकतो का ते बघायला सांगा. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम असं होत असेल तर मात्र आधी कंडेन्सरचा पंखा तपासा.

आणि मागच्या दाराची काच अडतेय म्हणून तिची मोटर बदलायचा विचार असेल, तर एवढ्यात बदलू नका. माझ्या जुन्या डिझेल गाडीत मागच्या दाराची काच मधेच अडायची. दार अर्धवट उघडं ठेवून बटण दाबलं की चालायची! दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत वायर सतत वाकून आतून तुटली होती, वरचं आवरण शाबूत. जोडून घेतली, मोटर अजून तीच आहे. आणि हो, ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉक (मागच्या काचांची बटणं बंद करणारं बटण) दाबलं गेलेलं नाही ना, तेही बघा.