कोळशाचा धूर म्हणजे देखावा, आणि कांदा-लसूण मसाला 'गावठी'?

कोरेगावचा_चुलता
परवा एका खाद्यसमूहात एक पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्टचं म्हणणं असं: घरच्या चिकनवर निखारा ठेवून तूप ओतायचं हा निव्वळ देखावा, त्यापेक्षा लिक्विड स्मोकचे, म्हणजे बाटलीतल्या धुराचे, चार थेंब घाला नाहीतर स्मोक्ड पापरिका, म्हणजे धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड आणा. कांदा-लसूण मसाला मुरवणाला लावूच नका, तो करपट आणि गावठी लागतो, त्याची जागा रश्श्यात. वर सल्ला, चिकन रात्रभर कच्च्या पपईत ठेवा.

करपट म्हटलं ते एक वेळ सोडून देईन. गावठी हा शब्द झोंबला. ज्या मसाल्यावर अख्खा सातारा जिल्हा वाढला, त्याला नाक मुरडायचं कारण काय?

आता मुद्द्यावर. धूर ही शेवटी वरून द्यायची गोष्ट नाहीच, तो वाटणातच असावा लागतो. आमच्याकडे सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी सांडशीत धरून थेट जाळावर धरतात. आधी कडा तपकिरी होतात, मग तेल सुटतं आणि वाटीच पेटते. फुंकर मारून विझवली की पांढरा दाट धूर निघतो. तो निघत असतानाच वाटी डब्यात टाकून झाकण लावायचं. कांदा सालासकट निखाऱ्यात, बाहेरून पार काळा होईपर्यंत. लसणाचा गड्डा तसाच. रंगाला आठ-दहा ब्याडगी, तिखटाला चार-पाच संकेश्वरी, कोरड्या तव्यावर फुगेपर्यंतच. काळी पडली की मिरची कडू झालीच. मग कोमट पाण्यात २० मिनिटं आणि पाट्यावर.

एक किलो तंगड्या, हाडापर्यंत चिरा दिलेल्या. त्यांना आधी अडीच सपाट चमचे मीठ, अर्धं लिंबू आणि हळद लावून अर्धा तास. मीठ आधी का, तर मांसात खोलवर उतरतं ते फक्त मीठ, बाकी मसाला वरच राहतो. मग वाटण, चार चमचे बांधलेलं दही, तीन पळ्या शेंगदाण्याचं तेल, आणि फ्रीजमध्ये चार-पाच तास. पपईत रात्रभर ठेवाल तर वरचं मांस पिठूळ होतं, दाताखाली लागतच नाही.

भाजून झाल्यावर वाटीत निखारा, त्यावर तूप, दोन लवंगा आणि पाच मिनिटं झाकण. याला देखावा म्हणणाऱ्याने ते झाकण काढताना एकदा शेजारी उभं राहावं.

मिरजेचा_रसायनवाला
वाटणाबद्दल जे लिहिलंय ते उत्तम. निखाऱ्याबद्दल जे लिहिलंय ते चूक, आणि हे मी वाद घालायचा म्हणून म्हणत नाही.

कोळसा म्हणजे आधीच जळून गेलेलं लाकूड. धुराचा वास ज्यातून येतो तो लाकडातला भाग कोळसा पाडतानाच उडून जातो. नीट पेटलेल्या निखाऱ्याला धूर असतो का? नसतो. वाटीतून जो निघतो तो जळलेल्या तुपाचा धूर. छान लागतो, पण लाकडावर भाजल्याचा वास तो नव्हे. तो हवा असेल तर लाकूडच जळायला हवं. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य जळताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात, आपण ज्याला 'चुलीचा वास' म्हणतो तो मुख्यतः त्यांचा.

लिक्विड स्मोकच्या बाटलीत विष नसतं, खऱ्या लाकडाचा धूर गार करून पाण्यात उतरवलेला असतो. पापरिका तर तुमच्याच गोत्रातली. स्पेनमध्ये ला व्हेरा नावाच्या भागात शरदात हवा दमट असते, उन्हात मिरची वाळत नाही, म्हणून तिथले शेतकरी ओकच्या लाकडाच्या धुरावर दोनेक आठवडे वाळवतात. मेक्सिकोतली चिपोटले म्हणजेही पिकून लाल झालेली, धुरावर वाळवलेली हालापेन्योच. ही सगळी शेतकऱ्याची अक्कल आहे. आपल्या मसाल्याला गावठी म्हटलं की आपल्याला राग येतो, मग दुसऱ्या गावच्या मिरचीला 'बाटलीतलं' म्हणून हिणवू नका.

चुलीपुढची
माझं माहेर दहिवडीकडचं, चूल बाभळीच्या लाकडावर चालायची. रसायनवाल्यांचं खरं आहे. आईच्या कोंबडीला वरून निखारा कधी लागला नाही, धूर भाकरीलासुद्धा असायचा.

पण दुसरंच सांगायला आले. फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवू नका. मागच्या थंडीत आमच्या नात्यातल्या एका घरी शेगडी आत घेऊन दार लावलं, अर्ध्या तासात आत्याला भोवळ आली. सगळे म्हणाले पित्त झालं असेल. डॉक्टरांनी आधी शेगडीचंच विचारलं. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. निखारा गॅलरीत पेटवा, भांडंही तिथेच झाका.

कोरेगावचा_चुलता
@रसायनवाला, तुपाचा धूर तर तुपाचा. एवढं मान्य, पुढचं नाही. बाटली मीही आणून बघितली होती, पोराने आणली. चार म्हणता सहा थेंब पडले आणि सगळं चिकन औषधासारखं लागायला लागलं. पाव्हणे जेवायला बसलेले, टाकताही येईना. हाताने दिलेला धूर जास्त झाला तर झाकण काढता येतं. बाटलीतला परत काढता येत नाही.

@चुलीपुढची, तुमचं शंभर टक्के बरोबर. मी अंगणात करतो म्हणून लिहायचं राहिलं.

साताऱ्याची_सूनबाई
बाकी सगळं वाचलं, पण 'आणि पाट्यावर' या दोन शब्दांपाशी थांबले. पाट्यावर कोण वाटणार? दादा, तुम्ही स्वतः शेवटचं वाटण कधी वाटलंत? मी सकाळी नऊला घर सोडते, सातला परत येते. माझ्या घरी मिक्सर आहे, त्याच वाटणाचं चिकन होतं आणि पोरं ताट पुसून खातात.

डंकाचाच_मसाला
ताई, राग मानू नका, पण मिक्सरात वाटलेला मसाला हा मसालाच नव्हे. भांडं तापतं, खोबऱ्याला तेल सुटतं, लगदा होतो, मिरचीचा वास तिथेच मरतो. डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कांडलेल्याला दाणा राहतो. आमच्याकडे चैत्र लागला की मिरच्या गच्चीवर, देठं खुडायला अख्खं घर, आणि दहा किलोचा मसाला डंकावरून. तो वर्षभर पुरतो. हल्लीच्या पोरींना पुडी फोडायची सवय लागली, पुडीत नुसता रंग असतो.

साताऱ्याची_सूनबाई
हल्लीच्या पोरींना? देठं खुडायला 'अख्खं घर' होतं म्हणता, त्यात पुरुष किती होते तेही लिहा.

माझ्या आईने ३० वर्षं पाट्यावर वाटलं. रात्री मनगटाला तेल चोळून फडकं बांधून झोपायची. मिरचीने हातांची इतकी आग व्हायची की लहान भावाला घ्यायची नाही, ताकात हात बुडवून बसायची. त्या चवीचं कौतुक करणारे सगळे बाहेर ओसरीवर बसलेले असायचे. मला पहिला पगार झाला तेव्हा मी घरात पहिली वस्तू मिक्सर आणली. तो बघून आई रडली. त्या यंत्राला कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत.

डंकाचंही सांगते. लग्नानंतर पहिल्या वर्षी डबा घेऊन मी एका डंकावर पहाटेपासून रांगेत बसले. घरी येऊन डबा उघडला तर आमच्या मसाल्यात दुसऱ्या कुणाचा जुना खवट मसाला मिसळलेला. सहा किलो. सासूबाई वर्षभर प्रत्येक जेवणात तेच बोलल्या.

डंकाचाच_मसाला
मिसळ होते ती लक्ष न ठेवल्याने होते. आमची आई डंकाशेजारून हलायची नाही. आपल्या आधीच्याचा मसाला झाडून घेतला की नाही ते बघून मगच आपला टाकू द्यायची.

साताऱ्याची_सूनबाई
परत आईच.

चुलीपुढची
दोघंही जरा दमानं घ्या. मिक्सर सलग फिरवला तर तापतो हे खरं, पण थांबून थांबून फिरवला तर तापत नाही. दहा सेकंद फिरवा, थांबा, हलवा. खोबरं आणि मिरची वेगवेगळी वाटून शेवटी एकत्र करा, लगदा होत नाही. मी दोन्ही केलंय. पाट्याचं वाटण सरस असतं, ते नाकारणार नाही, पण त्याची किंमत कुणाच्या मनगटाने द्यायची हे सूनबाईंचं विचारणं योग्य आहे.

हरिपूरकर
मसाल्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय. मूळ प्रश्नाशी संबंध नाही, तरी लिहितो.

आमचं घर सांगलीजवळच्या हरिपुरात. इथल्या जमिनीत हळदीची पेवं होती, खोल खड्ड्यांत वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण आमच्या म्हाताऱ्याला त्या दिवशी पेवंच आठवली.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी परत आलं, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही कागदपत्रं आणि जनावरं घेऊन निघालो. परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ. चिनीमातीच्या दोन बरण्या फळीवरून पडून गाळात रुतल्या होत्या, एकीचं फडकं अजून दोरीने बांधलेलं. आईने ते सोडलं, आत वर्षाचा मसाला, काळं पाणी झालेला. आई गेली पुढच्या साली होळीआधी. तिने केलेला तो शेवटचा मसाला. प्रमाण तिने कधी लिहून ठेवलं नाही, सगळं मुठीच्या मापाने.

आता बायको मिक्सरवर करते. अजून तसा झालेला नाही, पण दर वर्षी थोडा जवळ येतो. मिक्सर की डंक यावर भांडू नका. प्रमाण लिहून घ्या, ज्यांच्या हाताखाली शिकलात त्यांच्याकडून, आजच.

डंकाचाच_मसाला
हरिपूरकर, वाचून काही सुचेना. सूनबाई, 'हल्लीच्या पोरी' हा शब्द मागे घेतो. मिक्सरबद्दलचं मत तेच आहे.

साताऱ्याची_सूनबाई
मत ठेवा. शब्द मागे घेतला तेवढं पुरे. हरिपूरकर, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वही घेऊन बसतेय त्यांच्याजवळ.

विट्याचा_भट्टीवाला
चिकनवर परत येऊ का? चुलत्यांनी पोस्टमधला एक मुद्दा रागाच्या भरात सोडून दिला. कांदा-लसूण मसाला मुरवणात करपतो हे खरं आहे. गावठी वगैरे बकवास, पण करपतो. कारण सरळ आहे, त्यातला कांदा, खोबरं, तीळ आधीच भाजून तांबूस झालेले असतात. त्यांना परत २५-३० मिनिटं निखाऱ्यावर धरलं तर कोळसाच होणार. मी शेतात दर आठवड्याला भाजतो. एकाच कोंबडीच्या दोन तंगड्यांवर करून बघितलं. एकीला मसाला आधी लावला, ती बाहेरून काळी आणि कडू, हाडापाशी अजून लाल. दुसरीला आधी फक्त मीठ, आलं-लसूण, मिरचीचं वाटण आणि दही. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा दोन चमचे मसाला गरम तेलात कालवून कांद्याच्या देठाने वरून फासला. तिचा रंगही राहिला, वासही.

आणि चुलत्यांचं जाळलेलं खोबरं? त्याचीही तीच गत. ते वाटणात घालायचंच असेल तर मोठ्या आचेपासून चिकन वीतभर लांब ठेवा. घाई करणाऱ्याने ते घालू नये.

कोरेगावचा_चुलता
भट्टीवाले, आमच्याकडे लांब ठेवूनच भाजतात, म्हणून आमचं करपत नाही. पण गॅसवरच्या जाळीवर करपत असेल, ते नाकारत नाही. त्या पोस्टमधलं एक वाक्य बरोबर निघालं तर निघू दे. गावठी हा शब्द मात्र त्याने मागे घ्यावा, त्यावर मी अडून आहे.

@रसायनवाला, तुम्ही म्हणता लाकूडच जळायला हवं. मग निखाऱ्यावर तुपाआधी नारळाच्या करवंटीचा तुकडा टाकला तर? ते लाकूडच झालं की.

मिरजेचा_रसायनवाला
झालं. करवंटीत लिग्निन भरपूर असतं. बाटली नको म्हणणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला उपाय मलाही सुचला नसता. चिकन आधी तेलाने ओलं असू द्या, धुरातली ती द्रव्यं तेलात चांगली उतरतात. दहा मिनिटांच्या पुढे झाकून ठेवू नका, कडवट होईल.

चुलीपुढची
करवंटी वाळलेली घ्या. नारळ फोडल्या फोडल्या टाकाल तर पेटत नाही, नुसती घुसमटते आणि डोळ्यांतून पाणी येतं. आतलं उरलेलं खोबरं खरवडून आठ दिवस कडक उन्हात ठेवलेली, बोटाने वाजवल्यावर टणटण आवाज येणारी. तुकडा रुपयाच्या नाण्याएवढाच, जास्त नको.